घरात लो-फाय अल्बम रेकॉर्ड करताय? आधी स्वच्छ घ्या, मळवायचं नंतर

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी इकडची पोरंपोरी त्यांची गाणी मला मिक्सिंगला पाठवतात. गाणी खरंच चांगली असतात, शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, मध्येच कन्नडची एखादी ओळ अशी सहज आलेली असते की ऐकून बरं वाटतं. पण फोल्डर उघडला की बहुतेक वेळा तीच एक चूक दिसते. लो-फाय, म्हणजे मुद्दाम जुन्या कॅसेटसारखं मळकट वाजणारं गाणं करायचंय म्हणून रेकॉर्डिंगच कसंतरी उरकलेलं असतं. फॅन चालू, खिडकी उघडी, आवाज कुठं फुटलेला कुठं दबलेला, आणि खाली मेसेज, "दादा, लो-फायच आहे की, चालतंय."

नाही चालत. आणि का चालत नाही ते आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा क्रम त्याच्यावरच उभा आहे. एका ट्रॅकवर फॅनची घरघर इतकी बारीक असते की कानाला कळतही नाही. पण त्याच खोलीत तुम्ही आठ ट्रॅक घेतले, दोन गिटार, मुख्य आवाज, त्याचा डबल (तेच परत गाऊन घेतलेलं), दोन कोरस, हार्मोनियम, टाळी, आणि ते सगळे एकत्र वाजवले की ती घरघर साधारण ९ डीबीने (डेसिबलने) वाढते. त्यावर कॉम्प्रेसर (बारीक-मोठा आवाज सारखा करणारा इफेक्ट) बसला की अजून वर येते. मग ती घरघर काढायला नॉइज रिडक्शन दाबून मारायचं आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा करायचा. लो-फायमधली खरखर, पाऊस, टेपचा डोल ही तुम्ही निवडून, हव्या तेवढ्या मापात घातलेली गोष्ट असते. खोलीतून आपोआप आत शिरलेली घाण तुमच्या हातात राहत नाही.

म्हणून क्रम असा: गाणी पुरी करा, खोली आणि वेळ ठरवा, स्वच्छ रेकॉर्ड करा, निवडा आणि साफ करा, आणि मगच मळवा.

## १. गाणी आधी पुरी करा

माईकसमोर बसून दुसरा अंतरा लिहायचा नाही. प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोबाईलवर एकदा गाऊन ठेवा, गिटार आणि आवाज एवढंच, सगळी गाणी एकाच बैठकीत. मग आठवडाभर नुसती ऐका. कुठली दोन गाणी एकमेकांसारखी झाल्यात ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतं, आणि ते आत्ता कळलं तर फुकट आहे, रेकॉर्डिंगनंतर कळलं तर महिना वाया.

किती गाणी हवीत हा प्रश्न सारखा येतो. अ‍ॅपल म्युझिकच्या हिशोबात ७ किंवा जास्त गाणी, नाहीतर एकूण ३० मिनिटांच्या वर असेल तर तो अल्बम. ४ ते ६ गाणी आणि ३० मिनिटांच्या आत असेल तर ईपी, म्हणजे छोटा अल्बम. पहिलाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे, सात-आठ गाणी, बस. बारा गाण्यांचा हट्ट धरून पाचव्या गाण्यावर अडकलेले अल्बम मी बघतोय.

पट्टी नीट ठरवा. दिवसा मोकळ्या आवाजात पांढरी पाचमध्ये आरामात गाणारं माणूस रात्री घरचे झोपल्यावर दबक्या आवाजात गायला बसलं की वरचा सूर ताणला जातो आणि सुराच्या खाली राहतं. लो-फायमध्ये बहुतेक जण हळूच गातात, कानाशी बोलल्यासारखं, तर मग पट्टी त्याच आवाजात तपासा. कितीतरी वेळा काळी दोनपर्यंत खाली यावं लागतं. लाज वाटायचं काही कारण नाही.

कन्नड ओळी असतील तर घरात कन्नड बोलणाऱ्या मित्राला एकदा म्हणून दाखवा. जोडाक्षरावरचा जोर आणि ह्रस्व-दीर्घ आपल्याकडून नकळत बदलतं, आणि धारवाडकडचा ऐकणारा तिथंच थांबतो.

तपासा: एका वहीत प्रत्येक गाण्याचे पूर्ण शब्द, पट्टी, टेम्पो आणि श्वास कुठं घ्यायचा त्याच्या खुणा आहेत का? नसतील तर पुढं जाऊ नका.

## २. खोली आणि वेळ: सगळ्यात जास्त मेहनत इथं

महागडा माईक आणून मार्बोनाईटच्या उघड्या खोलीत लावला तर तो फक्त खोलीचा घुमारा जास्त स्पष्ट दाखवतो. आधी टाळी वाजवा. टाळीनंतर 'टिंग' असा झणका मागं राहत असेल तर ती खोली गाण्याच्या कामाची नाही. नवीन स्लॅबच्या घरात, रिकाम्या भिंती आणि टाईल्स असल्या की हे हमखास होतं. जुन्या मातीच्या भिंतींच्या, कौलारू घरात सोपा किंवा माजघर बरंच शांत लागतं, पण तिथं वरून कौलांचा आणि पत्र्यांचा आवाज येतो.

खानापूरकडच्या एका मुलीनं मला पहिलं रेकॉर्डिंग पाठवलं ते तिच्या नवीन खोलीतलं, आणि आवाजाभोवती सगळीकडं डब्यात गायल्यासारखा घुमारा. मी विचारलं घरात भात कुठं ठेवता? तर मागं एक लहान खोली, तीन बाजूंना भाताची पोती रचलेली. तिथं बसून टाळी वाजवली तर टाळी जिथल्या तिथं मेली. पोत्यांवर आज्जीच्या दोन वाकळी टाकल्या, पाठीमागं एक वाकळ दोरीवर टांगली, माईक पोत्यांकडं पाठ करून ठेवला, आणि सगळा आवाज तिथंच घेतला. त्या टेकमध्ये तिच्या श्वासाचा, ओठ उघडल्याचा बारीक आवाज येतो, शेजारी बसून ऐकल्यासारखं. बाजारात मिळणारा काळा फोम भिंतीला लावून हे झालं नसतं.

वाकळ कुठं टांगायची यात गोंधळ होतो. साधा गाण्याचा माईक समोरचं ऐकतो आणि मागचं कमी ऐकतो. म्हणजे तुमचं तोंड ज्या दिशेला असतं तिथं आवाज जातो, भिंतीवरून परत फिरून तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर आपटतो आणि तिथून थेट माईकच्या तोंडात. म्हणून पहिली वाकळ गाणाऱ्याच्या पाठीमागं. दुसरी, असेल तर, माईकच्या मागं. भिंतीला चिकटवू नका, चार-सहा बोटं अंतर सोडून टांगा. जाड गादी मिळाली तर कोपऱ्यात उभी करा. अंड्याचे ट्रे चिकटवणं बंद करा, त्यानं काही होत नाही, वर खोली घाण होते.

आता वेळ. एक आठवडा वहीत लिहून काढा, दिवसाच्या कुठल्या वेळी बाहेर काय वाजतं. कंटाळवाणं काम आहे पण करा. आपल्याकडचं ढोबळ गणित असं:

जून ते सप्टेंबर पाऊस. पत्र्याखाली गाणं अशक्य, खानापूरच्या बाजूला तर दिवसचे दिवस. गणपतीत आणि शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवसांत माईक बाहेरच काढू नका. निपाणी, चिकोडी, अथणी भागात ऊसतोड सुरू झाली की रात्री दोनलाही ट्रॅक्टर डेक लावून जातो. बेळगावात वडगाव, खासबागेत माग चालतात. टिळकवाडीत रेल्वे गेटच्या आसपास राहणाऱ्यांनी गाड्यांच्या वेळा लिहून ठेवाव्यात, मी स्वतः तेच करतो, दोन गाड्यांच्या मधली चाळीस मिनिटं सापडली की एक गाणं होतं. पाणी सुटलं की सगळ्या गल्लीच्या मोटारी चालू होतात. आणि घरात कुकर, मिक्सर, फ्रिज.

बहुतेकांना शेवटी रात्री साडेअकरा ते साडेतीन हीच वेळ सापडते. घरच्यांना आधी सांगा. "आई, आज रात्री अकरानंतर मागच्या खोलीत नळ सोडू नको हं, रेकॉर्डिंग करायलोय" एवढं सांगितलं तर ऐकतात की, न सांगता चिडलात तर कुणीच ऐकत नाही.

सावध: फ्रिज बंद केलात तर स्वतःची बाईकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. परत चालू करायचं विसरणार नाही.

## ३. सामान, थोडक्यात

यावर उगाच महिने घालवू नका. एक माईक, एक ऑडिओ इंटरफेस (माईक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), वायरवाला हेडफोन, माईक स्टँड, पॉप फिल्टर. घर गजबजलेलं असेल तर डायनॅमिक माईक घ्या, तो अगदी जवळून गायचा असतो त्यामुळं खोली कमी येते. खोली शांत असेल तर कंडेन्सर, त्याला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण लागतं, ते दाबल्याशिवाय आवाजच येत नाही आणि मग माईक बिघडला म्हणून दुकानात परत नेतात.

सॉफ्टवेअर: आयफोन किंवा मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे, ऑडॅसिटी सगळ्यांना फुकट, रीपर ६० दिवस वापरून बघता येतं. कुठलंही घ्या पण अल्बमच्या मध्ये बदलू नका.

फक्त मोबाईल असेल तरी होतं. वेव्ह फाईल देणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या, फोन एअरप्लेन मोडवर टाका, आणि आपोआप आवाज कमीजास्त करणारी सेटिंग बंद करा.

ब्लूटूथचे इअरफोन रेकॉर्डिंगला चालत नाहीत. आवाज कानात उशिरा पोचतो आणि तुम्ही नकळत तालाच्या मागं गाता. मग ते मिक्समध्ये कितीही सरकवलं तरी बसत नाही.

## ४. वीज आणि घूं

कर्नाटक काय महाराष्ट्र काय, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं खराब अर्थिंगची घूं ५० आणि तिच्या पटीत, १००, १५० हर्ट्झवर येते. नेमकी गिटारच्या खालच्या तारांच्या आणि पुरुषी आवाजाच्या पट्ट्यात. नंतर काढता येते पण सोबत गाण्याचं अंगही जातं.

रेकॉर्ड करताना लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा. अर्धी घरं एवढ्यानंच शांत होतात. फॅनचा रेग्युलेटर, एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर यांच्यापासून वायर लांब ठेवा. साध्या स्वस्त इन्व्हर्टरवर लाईट असेल तेव्हा रेकॉर्ड करू नका, त्याची भुणभुण वेगळीच असते. लाईट जाणारच हे धरून चाला आणि दर टेकनंतर सेव्ह करा.

तपासा: गेन (माईकचा आवाज किती उचलायचा ते बटण) लावून, काहीही न वाजवता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, हेडफोन मोठा करून ऐका. घूं, टिकटिक, फोनची टर्र ऐकू येते का? येत असेल तर आत्ता शोधा, गाणं नंतर.

## ५. सेटिंग आणि फोल्डर

२४ बिट, ४८ किंवा ४४.१ किलोहर्ट्झ. पहिल्या गाण्याला जे ठेवाल तेच शेवटच्याला. गाणं आणि गिटार मोनोमध्येच घ्या, एका माईकचं स्टीरिओ काही होत नाही. २४ बिट ४८ किलोहर्ट्झ मोनोला मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे आठ गाणी, प्रत्येकी दहा ट्रॅक, चार मिनिटं, सगळं मिळून तीन जीबीच्या आत. टेक धरून पंधरा-वीस जीबी मोकळे ठेवा. जागेची काळजी म्हणून एमपी३ मध्ये रेकॉर्ड करणारे आहेत, तसं करू नका.

गेन: सगळ्यात मोठ्या आवाजात गायलात तर मीटर उणे १० ते उणे ६ डीबीच्या मध्ये पोचावा, शून्याला टेकता कामा नये. बारीक दिसतं म्हणून घाबरू नका, २४ बिटमध्ये नंतर वाढवता येतं. फुटलेला आवाज मात्र कुणाच्या बापाला जोडता येत नाही.

सॉफ्टवेअरमधली बफरची सेटिंग रेकॉर्ड करताना १२८ च्या आसपास ठेवा, म्हणजे आवाज कानात उशिरा येत नाही, आणि मिक्स करताना ५१२ किंवा १०२४.

प्रत्येक गाण्याचा वेगळा फोल्डर, आणि प्रत्येक रात्रीनंतर पूर्ण फोल्डर दुसऱ्या डिस्कवर. माझा एक पूर्ण अल्बम याच्याशिवाय गेलाय. हार्ड डिस्क खाली पडली, त्यातली दोन गाणी मी परत कधीच तशी गाऊ शकलो नाही.

सावध: मित्राला ट्रॅक पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, दाबून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाईल जशीच्या तशी जाते.

## ६. सूर आणि ताल लावून घ्या

घरात जुनी हार्मोनियम असेल आणि ती वापरायची असेल तर सगळं तिच्यावर लावायचं. जुन्या पेट्या बऱ्याचदा ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या सुरावर नसतात, आणि पेटी ट्यून करायला वेळ आणि कारागीर दोन्ही लागतात. ट्यूनर अ‍ॅपमध्ये पेटीचा 'सा' किती सेंट (एका अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर-खाली आहे ते बघा, तेवढीच गिटार सरकवा, तानपुरा अ‍ॅप आणि कीबोर्डचं फाइन ट्यूनिंगही तेवढंच. हे न करता पेटी शेवटी वाजवली की गाण्याच्या सगळ्या अंगावर काटे टोचल्यासारखं होतं आणि कळत नाही काय चुकतंय.

गिटारच्या तारा जुन्या असल्या तरी चालतात, उलट लो-फायला बऱ्या लागतात, फक्त बाराव्या पट्टीवर (फ्रेटवर) सूर बरोबर येतो का ते बघा. नसेल तर बदला आणि एक-दोन दिवस ताणू द्या. नायलॉन असतील तर अजून जास्त दिवस. पावसाळी हवेत प्रत्येक टेकच्या आधी ट्यून करा.

क्लिक, म्हणजे कानात टेम्पोची टिकटिक, लावायचा की नाही? बीट येणार असेल तर लावाच. नुसती गिटार आणि आवाज असेल तर मी म्हणेन लावू नका, पण मग गिटार आणि आवाज एकत्रच वाजवून एक कच्चा टेक आधी घ्या आणि त्यावर बाकी बांधा.

## ७. टेक घेण्याचा क्रम

पहिल्यांदा सगळ्या गाण्यांचे कच्चे ट्रॅक. मग सगळ्या गाण्यांची गिटार, लागोपाठच्या दिवसांत. मग सगळ्या गाण्यांचा आवाज. मग बाकीचं. एक गाणं पूर्ण करून दुसऱ्याला लागायचं नाही, कारण मग प्रत्येक गाण्यात माईक वेगळ्या जागी असतो आणि अल्बम आठ वेगळ्या घरांत गायल्यासारखा वाटतो.

गिटार: माईक बाराव्या पट्टीच्या समोर, दीड वीत अंतरावर. मधल्या भोकाकडं तोंड करू नका, तिथून फक्त ढुम्म येतं. आवाज: तोंडापासून एक वीत, थोडा नाकाच्या उंचीवर आणि खाली वाकलेला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' चा वारा माईकवर थेट बसत नाही. जमिनीवर खुर्चीचे आणि स्टँडचे पाय खडूनं आखून ठेवा, झाडू मारणाऱ्यांना सांगा पुसू नका म्हणून. पुढच्या रात्री तिथंच बसायचंय.

प्रत्येक गाण्याचे आवाजाचे तीन पूर्ण टेक घ्या. पूर्ण म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत, चुकलं तरी न थांबता. मग त्यातून ओळी निवडायच्या. एकेक ओळ चाळीसदा गाऊन जोडलेला आवाज मला लगेच ओळखू येतो, प्रत्येक ओळीची सुरुवात ताजी आणि शेवट दमलेला. तीन टेकमध्ये नाही झालं तर उठा, झोपा, उद्या घ्या.

डबल हवा असेल तर परत गा. तोच ट्रॅक कॉपी करून खाली चिकटवला तर तो डबल होत नाही, फक्त ६ डीबी मोठा होतो.

प्रत्येक बैठकीच्या शेवटी, माईक आणि गेन तसाच ठेवून, तीस सेकंद गप्प बसून खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. पुढच्या पायरीला तो लागतो आणि नंतर मिळत नाही.

तपासा: टेक संपला की दोन मिनिटांत ऐका, खोलीतून उठायच्या आधी. बाहेर कुत्रं भुंकलं असेल तर ते उद्या मिक्समध्ये नको, आत्ताच कळायला हवं.

## ८. निवड आणि साफसफाई

आधी टेक निवडा, जोडांवर बारीक क्रॉसफेड द्या, म्हणजे एक तुकडा विरत दुसरा वर येतो. मग मूळ फाईल बाजूला ठेवून कॉपीवर काम करा. नॉइज रिडक्शन त्या तीस सेकंदांवरून शिकवा आणि ६ ते ८ डीबीच काढा. २० डीबी काढलं की 'स' आणि 'ह' घशात अडकल्यासारखे होतात. आवाजाला ८० ते १०० हर्ट्झच्या खाली काट, २०० ते ४०० च्या मध्ये चिकचिक वाटली तर थोडं कमी. श्वास काढून टाकू नका. या प्रकारच्या अल्बममध्ये श्वास हा गाण्याचाच भाग आहे, फक्त जो फारच मोठा असेल तो थोडा खाली घ्या.

इथंपर्यंत गाणं कोरडं, साधं, पण ऐकण्यासारखं हवं. नसेल तर लो-फायनं झाकलं जाणार नाही. परत टेकला जा.

## ९. आता मळवा

प्रोजेक्ट दुसऱ्या नावानं सेव्ह करा. मग पुढच्या क्रमानं.

सॅच्युरेशन, म्हणजे आवाज किंचित फुटल्यासारखा उबदार करणं, आधी. टेप किंवा ट्यूबचा कुठलाही फुकट प्लगइन, हळूहळू वाढवत न्या आणि जिथं लक्षात येईल तिथून थोडं मागं या.

मग वरचं कापा. वाद्यांना ८ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणलं तरी छान लागतं. आवाजाला मात्र जपून. मराठीत 'स', 'श', 'च', 'छ' यांची धार ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास असते, ती कापली की शब्द गेले. गीतकाराचा पहिला अल्बम आहे, लोकांना शब्दच कळले नाहीत तर उरलं काय? आवाज १० किंवा १२ वर ठेवा.

डोल. टेप हलल्यासारखा सुराचा बारीक डोल. हा वेगवेगळ्या ट्रॅकवर वेगळा लावला की पेटी एकीकडं आणि गिटार दुसरीकडं बेसूर होते. सगळी वाद्यं एका बसवर (एकत्र ट्रॅकवर) घ्या आणि एकच डोल लावा, ५ ते १० सेंट, बस. आवाजावर लावू नका.

खालचा आवाज, सगळ्यात शेवटी. नेटवरची तीच ती रेकॉर्डची चरचर आणि तोच तो परदेशातला पाऊस घालू नका. तुमच्या पडवीत बसून पावसाच्या दिवसात मोबाईलवर पाच मिनिटं पन्हळीचं पाणी रेकॉर्ड करा. वडगावातल्या मित्राच्या घरी मागाचा खटखटाट घ्या, तो इतका पक्क्या लयीत असतो की त्यातले चार ठोके कापून बीटच्या जागी बसतात. मी एका गाण्यात तसं केलंय, ८४ चा टेम्पो मागाच्या लयीवरूनच ठरवला, मग गिटार त्यावर वाजवली. रात्रीचे बेडूक, लांबून जाणारी गाडी, दळप यंत्र. जून ते सप्टेंबर गायला येत नाही म्हणालो ना, ते महिने यासाठी वापरा.

हा आवाज संपूर्ण गाण्याला एकच, उणे ४५ ते ५० डीबीच्या आसपास. प्रत्येक ट्रॅकवर वेगळा हिस्स (टेपची सळसळ) लावू नका, सुरुवातीला सांगितलेलं ९ डीबीचं गणित इथंही लागू होतं. आणि गाणं संपलं की तो धाडकन तुटू देऊ नका, हळू विरू द्या किंवा पुढच्या गाण्यात न्या.

सावध: सिनेमातले संवाद, जुन्या रेडिओच्या क्लिप टाकायचा मोह होतो. परवानगी नसेल तर टाकू नका, अपलोडनंतर पूर्ण गाणं उतरवलं जाऊ शकतं. "फ्री" म्हणून घेतलेल्या बीटचा परवानाही पूर्ण वाचा. कमाई करायची झाली की बऱ्याचदा तो फ्री राहत नाही.

## १०. ऐकून तपासणं

रात्री केलेलं मिक्स रात्री पक्कं करू नका. सकाळी, हळू आवाजात, मोबाईलच्या स्पीकरवर. मग वायरच्या इअरफोनवर. मग कुणाच्या तरी गाडीत. मोनो करून ऐका, काही गायब होतंय का बघा. घरातल्या कुणाला तरी, ज्याला गाणी पाठ नाहीत अशा माणसाला, एकदा ऐकवा आणि विचारा दुसऱ्या अंतऱ्यात काय शब्द होते. सांगता आलं नाही तर आवाज वर घ्या.

## ११. मास्टर

सगळी गाणी एकाच प्रोजेक्टमध्ये क्रमानं ठेवून करा. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आवाज जुळवतं, त्याहून मोठं करून फायदा नाही. पूर्ण अल्बम लागला की ते अल्बमचा एकत्रित हिशोब करतं, म्हणजे हळू गाणं हळूच राहतं, म्हणून सगळी गाणी ओढूनताणून सारखी करू नका. ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच टोक, उणे १ डीबी. शेवटी १६ बिट ४४.१ ची वेव्ह काढत असाल तर डिदर (बिट कमी करताना येणारी खरखर झाकणारी सेटिंग) चालू ठेवा.

## १२. हक्क आणि कागद

हे सगळ्यात जास्त टाळलं जातं. शब्द, चाल आणि रेकॉर्डिंग हे तीन वेगळे हक्क आहेत. मित्रानं बासरी वाजवली, दुसऱ्यानं एक अंतरा लिहिला, तर कुणाचा किती वाटा ते रिलीजच्या आधी कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर मैत्री आणि गाणं दोन्ही अडकतं.

दुसऱ्याची कविता घेतली असेल तर: आपल्याकडं कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुकोबांचा अभंग घ्या खुशाल, पण आपल्याच बेळगावच्या इंदिरा संत २००० साली गेल्या, म्हणजे त्यांच्या कवितेला २०६० पर्यंत परवानगी लागते. कन्नड कवी द. रा. बेंद्रे १९८१ साली गेले, तिथं २०४१ पर्यंत. वारसांशी किंवा प्रकाशकांशी बोला, लेखी घ्या.

स्वतःचे शब्द आणि चाल असेल तर आयपीआरएस या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं सभासदत्व घ्या. गाणं रेडिओवर, कार्यक्रमात वाजलं तर गीतकार-संगीतकाराचा वाटा तिथून येतो.

## १३. रिलीज

वितरकाकडं (गाणी स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिकवर पोचवणारी कंपनी) किमान चार आठवडे आधी अपलोड. कव्हर चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं असेल तर रिलीजच्या किमान ७ दिवस आधी, आणि अल्बममधलं एकच सुचवता येतं, तर ते आधीच ठरवा.

वितरक निवडताना दोन गोष्टी विचारा: वर्षाचे पैसे भरणं थांबवलं तर गाणी राहतात की उतरतात, आणि तुमच्या पैशांतून किती टक्के कापतात. गाणं आधी सिंगल म्हणून आलं असेल तर अल्बममध्ये त्याचा तोच आयएसआरसी नंबर (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) द्या, नाहीतर आधीचे प्ले वेगळे राहतात. नाव सगळीकडं एकाच स्पेलिंगनं. भाषा मराठी निवडा. बहुतेक जण घाईत हिंदी ठेवतात आणि गाणं चुकीच्या लोकांपुढं जातं.

पैशांबद्दल खरं सांगतो. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखाद्या गाण्याला १२ महिन्यांत १,००० प्ले झाल्याशिवाय त्याचे पैसेच धरले जात नाहीत. बँडकॅम्पवर थेट विकता येतं, पण तिथले पैसे पेपालनं येतात आणि भारतातल्या भारतात पेपाल २०२१ पासून बंद आहे, म्हणून आपल्या गावातल्या माणसाला तिथून घेता येत नाही. त्यांच्यासाठी यूपीआय आणि फाईल पाठवणं हाच सोपा रस्ता.

शेवटची तपासणी: अल्बम लागला की त्या दिवशी पूर्ण ऐका, स्वतः, शेवटच्या गाण्याच्या शेवटच्या सेकंदापर्यंत. भाताच्या पोत्यांत गाणाऱ्या त्या मुलीच्या शेवटच्या गाण्यात पन्हळीचं पाणी हळूहळू थांबतं, एक्सपोर्ट करताना शेपूट चार सेकंद आधी कापलं गेलं होतं आणि ते आम्हाला रिलीजच्या दिवशी कळलं. फाईल परत पाठवून दुरुस्त व्हायला नऊ दिवस गेले.